भूल चढली, हे ठरवायचे कसे?

हाताचे मोडलेले हाड बसवणे, गुडघ्याचे सांधेरोपण, सिझेरियन अशा अनेक शस्त्रक्रियांत संपूर्ण भूल न देता शरीराचा तेवढाच भाग बधिर केला जातो. मज्जातंतूंच्या जुडग्याजवळ किंवा पाठीच्या कण्यात औषध टोचून वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना वाटेतच अडवला जातो. रुग्ण मात्र जागा राहू शकतो. भूल अपुरी राहिली, तर शस्त्राची वेदना त्याला शुद्धीवर असतानाच सोसावी लागते. म्हणूनच इंजेक्शन आणि पहिला छेद यांच्यामधील मिनिटांत होणारी तपासणी कमालीची महत्त्वाची ठरते.

हातोडी, चिरूट आणि सुई

या तपासणीचा इतिहास शंभराहून अधिक वर्षांचा आहे. जर्मनीतील कील येथे ऑगस्ट १८९८ मध्ये शल्यचिकित्सक ऑगस्ट बीअर यांनी आपले सहायक हिल्डेब्रांट यांच्या कण्यात कोकेनचे द्रावण टोचले. त्यानंतर त्यांच्या पायांना सुया टोचल्या, केस उपटले, पेटता चिरूट टेकवला आणि नडगीवर लोखंडी हातोडीही मारून पाहिली. हिल्डेब्रांट यांना वेदना झाल्या नाहीत. पण सुई टोचल्यावर दाब जाणवत होता. वेदना गेली तरी स्पर्श उरू शकतो, हे या प्रयोगातून दिसून आले. आजच्या चाचण्या अर्थातच सौम्य आहेत. मात्र हे तत्त्व त्यांनाही लागू पडते.

संवेदना जातात क्रमाने

मज्जातंतूत निरनिराळ्या जाडीचे धागे असतात. सर्वसाधारणपणे बारीक धागे आधी बधिर होतात, जाड धागे नंतर. प्रथम रक्तवाहिन्यांवर नियंत्रण ठेवणारे धागे थंडावतात व तो भाग उबदार होतो. मग थंड-गरम कळेनासे होते, पाठोपाठ टोचल्याची वेदना जाते. हलका स्पर्श आणि स्नायूंची ताकद बहुधा शेवटी जाते.

म्हणून भूलतज्ज्ञ आधी स्पिरिटचा बोळा किंवा बर्फ त्वचेला लावतात आणि ‘गार लागते का?’ असे विचारतात. भूल न दिलेल्या जागी तोच बोळा लावून तुलना केली जाते. त्यानंतर बोथट टोकाने टोचून पाहतात. सुई नेहमीसारखी बोचली तर शून्य, बोचणे जाऊन नुसता स्पर्श उरला तर एक आणि काहीच जाणवले नाही तर दोन, अशी नोंद होते.

पायांची ताकद मोजण्यासाठी ब्रोमेज श्रेणी वापरतात. तिच्या प्रचलित रूपात पाय सरळ उचलता आला तर शून्य, गुडघा वाकवता आला पण सरळ पाय उचलता आला नाही तर एक, केवळ पाऊल हलले तर दोन आणि काहीच हलले नाही तर तीन गुण दिले जातात.

हाताच्या भुलीत चार प्रमुख नसा स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात. कोपर सरळ करणे, कोपर वाकवणे, तर्जनीची आणि करंगळीची संवेदना यांवरून कोणती नस सुटली ते कळते. तीन नसा बधिर होऊन चौथी जागी राहणे अशक्य नाही. औषधानुसार पूर्ण परिणामास वीस ते तीस मिनिटे लागू शकतात. घाई येथे उपयोगाची नसते.

सिझेरियनमधील सावधगिरी

सिझेरियनचा छेद ओटीपोटावर असला, तरी आतील अवयवांच्या संवेदना बऱ्याच वरच्या मज्जातंतूंतून जातात. त्यामुळे बधिरता छातीपर्यंत पोहोचावी लागते. गारवा जाणवत नाही ती पातळी आणि स्पर्श जाणवत नाही ती पातळी बहुधा सारखी नसते. गारव्याची पातळी वर असते. केवळ बर्फाच्या चाचणीवर विसंबल्यास भूल आहे त्यापेक्षा चांगली वाटू शकते. म्हणूनच ब्रिटनमधील २०२२ च्या शिफारशींत हलक्या स्पर्शाच्या चाचणीवर भर दिला असून, पाय सरळ उचलता येतो का, हेही पाहण्यास सांगितले आहे.

यंत्रे काय सांगतात?

बधिर भागातील रक्तवाहिन्या रुंदावल्याने त्वचेचे तापमान वाढते. ते मोजता येते. बोटाला लावायचे काही पल्स ऑक्सिमीटर रक्तप्रवाहाचा निर्देशांकही दाखवतात आणि भूल चढू लागली की तो वाढतो. लहान मुले किंवा गुंगीत असलेले रुग्ण उत्तर देऊ शकत नाहीत, तेव्हा या खुणा उपयोगी पडतात. मात्र हात उबदार झाला म्हणजे वेदनाही गेलीच, असे नव्हे. वेदना थेट मोजणारे सर्वमान्य यंत्र नाही. जाग्या रुग्णाचा शब्द हाच अखेरचा पुरावा.

रुग्णांनी काय ध्यानात ठेवावे?

शस्त्रक्रियेदरम्यान ओढ, हालचाल किंवा दाब जाणवणे स्वाभाविक आहे. टोचणे, कापल्यासारखे वाटणे किंवा दुखणे मात्र सहन करण्याची गोष्ट नव्हे. संकोच न बाळगता ते तत्काळ सांगावे. ‘डॉक्टर काय म्हणतील’ या भीतीने ‘नाही दुखत’ असे उत्तर देणे स्वतःच्याच हिताविरुद्ध आहे. भूल अपुरी असल्यास डॉक्टर थोडे थांबू शकतात, सुटलेल्या नसेजवळ पुन्हा औषध देऊ शकतात, शिरेवाटे वेदनाशामक देऊ शकतात किंवा संपूर्ण भूल देऊ शकतात. यांपैकी काय योग्य, हे रुग्णाने वेळेवर दिलेल्या खऱ्या उत्तरावरच अवलंबून असते.