लॅपटॉपची डिस्क बदलणे : पुन्हा मांडामांड न करता

आमचे सारे आयुष्य यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात गेले. शाळा सातवीला सुटली. पुढे जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कागद चाळता चाळता. तेव्हा संगणकावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय, असे कोणी विचारील तर ते रास्तच आहे. उत्तर एवढेच की, आमच्या कचेरीतला लॅपटॉप मरणपंथाला लागला आणि त्याच्या पोटात होते ते वाचवण्याखातर ही विद्या आम्हांस पदरात पाडून घ्यावी लागली.

पोटात होते काय? बंद पडलेल्या एका कारखान्यातील कामगारांच्या ग्रॅच्युइटीचे हिशेब. कोण कोणत्या साली कामास लागला, शेवटचा पगार किती, मध्ये खंड पडला की नाही, हे सारे एका प्रोग्रॅमात नोंदलेले. तो प्रोग्रॅम आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने लिहिलेला; ते आज हयात नाहीत आणि त्यांनी दिलेली सीडीही हरवली. शिवाय मराठी मजकूर जुन्या पद्धतीच्या टंकात. तो टंक नसेल त्या संगणकावर त्याच अक्षरांच्या जागी नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते. सुनावणी तीन आठवड्यांवर आली होती, आणि यंत्र सुरू व्हायलाच दहा मिनिटे घेई. मधूनच आतून टक्‌टक् आवाज येई.

दुकानात नेले. दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकू. फाइली निघाल्या तर देऊ." त्याने वाईट हेतूने सांगितले नसेल, त्याला ते सोपे पडते. पण फाइली निघाल्या तरी प्रोग्रॅम कोठून आणणार?

आता दुखणे कोठे असते ते पाहू. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात आणि वाचणारा दांडा त्यांवर मागेपुढे सरकतो. कल्पना जुनीच आहे. आयबीएम कंपनीने 1956 साली असे पहिले यंत्र बाजारात आणले, त्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि साऱ्या मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. लॅपटॉपमधली तबकडी बहुधा मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 90. हवी ती जागा दांड्याखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा लागतो. त्यात दांडा सरकण्याचा वेळ मिळवा, म्हणजे विखुरलेली अशी साठएक वाचने एका सेकंदात होतात. विंडोज सुरू होताना मात्र असे हजारो बारीक तुकडे वाचावे लागतात. मग दहा मिनिटे का लागतात याचे आश्चर्य उरत नाही. एसएसडी नावाच्या नव्या डिस्कमध्ये काहीच फिरत नाही, सारे चिपमध्ये. तेथे सेकंदाला हजारो वाचने होतात.

डिस्क बदलली पाहिजे हे ठरले. प्रश्न उरला मांडामांडीचा. हे आमच्या भगिनी-बंधूंना मागावरून चटकन कळेल. बीम संपला म्हणजे आपण काय करतो? नवे प्रत्येक सूत पुन्हा वहीतून नि फणीतून ओवत बसत नाही. जुन्या सुताच्या टोकाला नव्याची गाठ मारतो आणि ओढून घेतो. मांडणी जशीच्या तशी राहते. डिस्कच्या बाबतीत या गाठ मारण्याला क्लोन करणे म्हणतात. नुसत्या फाइली उचलून नव्या डिस्कवर ठेवल्या तर यंत्र सुरू होत नाही, कारण डिस्कवर आपल्याला न दिसणारे लहान लहान विभाग असतात. यंत्राला जाग आणणारी सामग्री त्यांत असते. क्लोनमध्ये हे विभागही उतरतात. म्हणून प्रोग्रॅम, टंक, परवाने, भिंतीवरचे चित्रसुद्धा जागच्या जागी सापडते.

हे काम आम्हांस शिकवले आमच्या एका वहिफणी कामगाराच्या मुलीने. ती तंत्रनिकेतनात शिकते. खरेदीलाच आम्ही पहिली ठोकर खाल्ली. जुनी डिस्क 500 जीबीची; आम्ही स्वस्त मिळाली म्हणून 480 जीबीची एसएसडी आणली. ती म्हणाली, "अण्णा, मोठ्या हंड्यातलं पाणी लहानात कसं ओतायचं?" आतला माल कमी असला तरी विभागांच्या हद्दी 500 च्या मापाने आखलेल्या असतात; त्या आधी आकसून घेण्याचा उपद्व्याप कशाला? परत नेऊन 500 ची आणली. आकारही पाहावा लागतो. जुन्या लॅपटॉपात अडीच इंची डिस्क बसते, काहींत सात मिलिमीटर जाडीचीच. नव्यांत च्युइंगगमच्या कांडीएवढी पट्टी असते, आणि त्या पट्ट्यांतही दोन जाती आहेत. एकीच्या जागी दुसरी चालेलच असे नाही. आपल्या मॉडेलची माहिती पाहूनच पैसे मोजावेत.

काम सुरू करण्याआधी तिने सर्वांत महत्त्वाच्या फाइली एका पेनड्राइव्हवर काढून घेतल्या, कारण टक्‌टक् करणाऱ्या डिस्कचा भरवसा नाही. मग बिटलॉकर नावाचे कुलूप लागलेले आहे का ते पाहिले. असल्यास आधी ते स्थगित करावे आणि त्याची 48 आकडी किल्ली कागदावर उतरून ठेवावी; पुष्कळांच्या लॅपटॉपला ते आपोआप लागलेले असते आणि त्यांच्या गावीही नसते. त्यानंतर विंडोज पुरते बंद केले. नेहमीच्या बंद करण्यात ते अर्धवट झोपते. शिफ्टची कळ दाबून धरून बंद केले की खरे बंद होते.

नवी डिस्क यूएसबीच्या डबीत बसवून बाहेरून जोडली आणि क्लोनझिला नावाचा तैवानमध्ये तयार झालेला फुकट प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवला. येथे आम्ही जन्माचा घात करून घेणार होतो. पडद्यावर दोन नावे, दोन्ही 500 जीबीची. प्रोग्रॅम विचारतो, कोठून कोठे? आम्ही बोट ठेवले ते उलटे. म्हणजे कोरी डिस्क जुन्यावर उतरली असती आणि कामगारांचे हिशेब पुसले गेले असते. पोरीने हात धरला. डिस्कवर कंपनीचे नाव व मॉडेल क्रमांक छापलेला असतो. तो आधी कागदावर लिहून घ्यावा आणि पडद्याशी ताडून पाहावा. प्रोग्रॅम लिहायला लागण्यापूर्वी दोनदा खात्री करून घेतो, तो उगाच नव्हे.

तरीही पहिल्या खेपेस काम अर्ध्यावर थांबले. जुन्या डिस्कची काही जागा खराब होती. खराब जागा सोडून पुढे जाण्याचा पर्याय आहे, तो घेऊन पुन्हा चालवले. तीनएक तास गेले. शेवटी एका मोर्च्याचे चित्रीकरण तेवढे बिघडलेले निघाले. हिशेब आणि नोंदी शाबूत होत्या.

मग लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, बॅटरी सुटी केलेली. स्क्रू एका वाटीत, हात आधी धातूला लावलेला. जुनी डिस्क काढून नवी बसवली. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क यूएसबीला जोडून ठेवू नये. दोघींची ओळख एकच, त्यामुळे घोटाळा होतो. विंडोजचा परवाना मुख्यत्वे मदरबोर्डशी बांधलेला असल्याने तो गेला नाही. काही महागडे प्रोग्रॅम मात्र डिस्कचा क्रमांक पाहतात. ते पुन्हा नोंदवावे लागतात.

क्लोनमध्ये विषाणू असेल तर तोही इमानाने उतरतो. तसे दुखणे असल्यास दुकानदाराचाच सल्ला बरोबर. आणि विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली आहे, ते नव्या डिस्कने बरे होत नाही.

लॅपटॉप आता अर्ध्या मिनिटात सुरू होतो. सुनावणीस आम्ही छापील तक्ते घेऊन गेलो. जुनी डिस्क, तारीख लिहून, कचेरीच्या कपाटात ठेवली आहे. निकाल लागेपर्यंत ती पुसायची नाही असे कार्यकारिणीत ठरले आहे.