रात्रीच्या होडीवरचा पहारा

मागच्या वेळी बोलता बोलता आम्ही सांगून गेलो की आम्ही चौघी जानेवारीत शिडाच्या होडीतून रत्नागिरीहून देवगडला गेलो, तेही रात्रीच्या. तेव्हापासून भेटेल ती एकच विचारते, ‘रात्री समुद्रात दिसतं तरी काय गो?’ म्हणून आज तेच सांगतो.

आमच्यातल्या तिघींची घरं मासेमारीवर चालतात. मासळी विकणं, बर्फाचा हिशेब, कर्जाचा हप्ता हे सगळं आमच्याकडे. पण रात्री होडीवर काय चालतं ते एकीनेही पाहिलेलं नव्हतं. बायकांनी होडीवर पाय ठेवायचा नाही असंच ऐकत आलो. शिडाची होडी चालवायला शिकलेली आमची एक मैत्रीण आहे, तिनेच बोलावलं. तीच आमची तांडेल. सोबतीला जन्मभर समुद्रावर गेलेले एक काका होते.

अंतर सुमारे ३५ सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर, म्हणजे साधारण ६५ किलोमीटर. एसटीने गेलो असतो तर जेवणाआधी पोचलो असतो. होडीला रात्रभर लागते, कारण ती वाऱ्याच्या मर्जीने चालते. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येतो, तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा, जमिनीवरून समुद्राकडे सुटतो, तो मतलई. पूर्वी शिडाच्या होड्या पहाटेच्या मतलईवर बाहेर पडायच्या आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत यायच्या. या दोन वाऱ्यांच्या मध्ये संध्याकाळनंतर वारा पडतो. आमचंही तसंच झालं. नऊ ते अकरा शीड नुसतं फडफडत होतं, म्हणून छोटं इंजिन चालवलं. मतलई सुटल्यावर इंजिन बंद केलं आणि इतकं शांत झालं की एकमेकींचा श्वास ऐकू येत होता.

निघण्याआधी सगळ्यांची नावं बंदरावर आणि सागरी पोलिसांकडे दिली, आधार कार्डं जवळ ठेवली. तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३, हे दोन्ही नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवले. तुम्हीही घरच्या माणसाच्या फोनमध्ये घालून द्या. उलटीची गोळी निघण्याआधीच घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही. आमच्यातल्या एकीने ऐकलं नाही आणि रात्रीचे पहिले तीन तास काठाला धरून काढले.

अंधार पडला की लाइफ जॅकेट अंगातून काढायचं नाही आणि पुढे जायचं तर दोरी होडीला बांधूनच जायचं. आम्हाला हे जरा जास्तच वाटलं. मग तांडेलने हिशेब मांडला. होडी तीन नॉटने चालली तरी एका मिनिटात नव्वद मीटर पुढे जाते, आणि अंधारात नव्वद मीटरवरचं माणसाचं डोकं दिसत नाही. लघवीसाठीसुद्धा काठावर बसायचं नाही, आत बादली ठेवलेली होती. काका म्हणाले, पुरुष पडतात ते बहुतेक याच कामाला उठलेले असताना.

आता दिसतं काय, ते सांगतो. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळला, मग फक्त तारे. दक्षिणेला अगस्त्य, पाठीमागे ध्रुव. दीपगृहाची बत्ती दिसते, आणि प्रत्येक बत्तीची उघडझाप वेगळी असते. घड्याळ लावून मोजलं की ती कुठली ते कळतं. आणि दिसतात दुसऱ्या होड्यांचे दिवे. होडीच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा, मागे पांढरा. समोरच्या होडीचा नुसता लाल दिसला तर तिची डावी बाजू आपल्याकडे आहे. नुसता हिरवा दिसला तर उजवी. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर ती सरळ आपल्यावर येते आहे.

आम्ही दोघी-दोघी दोन-दोन तास पहाऱ्याला होतो. तांडेल झोपायला जाताना एकच सांगून गेली, ‘शंका आली की उठव. झोपलेय म्हणून थांबू नको.’ रात्री दोनच्या सुमारास समोर एक दिवा दिसला. आधी वाटलं तारा असेल. मग लाल दिसला, मग हिरवाही. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. ‘आत्ताच पडलीय बिचारी, झोपू दे.’ ‘वळेल तो.’ यात पाच मिनिटं गेली. मग इंजिनाचा आवाज यायला लागला तेव्हा हाक मारली.

ती उठली आणि काही न विचारता आधी होडी उजवीकडे वळवली, मग मोठी बॅटरी शिडावर मारली. पांढरं शीड उजळलं की लांबून दिसतं. समोरची बोटही वळली. तिचा हिरवा नाहीसा झाला, लाल तेवढा उरला आणि ती डिझेलचा वास मागे ठेवून आमच्या डाव्या अंगाने गेली. इंजिनवाल्याने शिडाला वाट द्यावी असा नियम आहे खरा. पण समोरचा जागा आहे का, हे नियमाला कुठे माहीत असतं?

ती रागावली नाही. फक्त विचारलं, ‘किती वेळ बघत होता?’ पाच मिनिटं म्हटल्यावर तिने बोटांवर मोजून दाखवलं. तो आठ नॉटने येणार, आपण तीनने जाणार, म्हणजे पाच मिनिटांत जवळजवळ एक मैल संपला. आम्ही गप्प. आमच्या गटातही हप्ता थकलेली बाई तिसऱ्या महिन्यापर्यंत बोलत नाही, कारण दुसऱ्याला त्रास नको असतो. तिला आम्ही केवढं बोलतो!

पहाटे मतलई चांगला वाढला. थंडी इतकी, की चादरी गुंडाळून बसलो. उजाडताना देवगडचा किल्ला दिसला आणि आत शिरून नांगर टाकला. चहाच्या आधी आमच्यातल्या एकीने नवऱ्याला फोन लावला. तो मोठ्या बोटीवर खलाशी आहे. तिने विचारलं, ‘रात्री तुमच्याकडे पहाऱ्याला किती जण असतात?’ तो म्हणाला, ‘एकच. आणि त्याला झोप लागली तर कोण बघतो?’ लाइफ जॅकेट आहेत, पण खाली जाळ्यांच्या मागे ठेवलेली आहेत, असंही त्याने सांगितलं.

हे दोन्ही विषय आम्ही येत्या मंगळवारच्या सभेत घेतले आहेत. नाखव्याकडे बोलायला कोणी जायचं, तेही तिथेच ठरेल. ज्यांची माणसं बोटीवर आहेत त्यांनी आधी घरी विचारून या, पहाऱ्याला किती जण आणि जॅकेट कुठे ठेवलेली असतात.