भंगारातली फिरती सीख

रमजानमध्ये मगरीबची अजान झाली, खजूर-पाण्याने रोजा सुटला की कबाब-तंदुरीकडे मन वळते. निखाऱ्यांसमोर अख्खी कोंबडी गोल फिरवणारे यंत्र विकत घ्यायचे तर महाग पडते. भंगारातून ते घरीही जोडता येते. उल्हासनगरला हे नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले, आणि बराकींतूनच कारखाने उभे राहिले.

सीख फिरवायला गाडीच्या वायपरची जुनी मोटार उत्तम. ती १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, त्यामुळे घरच्या विजेसारखी शॉकची भीती नाही. पण ती मिनिटाला साधारण ४० ते ४५ फेरे घेते. मांसाला पाच-सात पुरतात. इथे सायकलची चेन कामी येते. १८ दात्यांच्या चक्राने ४४ दात्यांचे चक्र फिरवले की वेग निम्म्याहून कमी होतो. अशा दोन जोड्या लावल्या की सात फेऱ्यांवर येतो.

खरी कसोटी तोलाची. कोंबडी सळईच्या मधोमध बसली नाही तर जड बाजू धपकन खाली येते, मोटार झटके खाते आणि एकच अंग करपते. म्हणून पाय-पंख सुती दोऱ्याने आवळून बांधावेत. निखारे मागच्या बाजूला ठेवावेत. खाली चरबी गळायला थाळी. सव्वा किलोच्या कोंबडीला साधारण सव्वा तास लागतो, त्यामुळे इफ्तारची वेळ पाहून उलटा हिशेब करावा. मांडीचा जाड भाग आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापायलाच हवा.

आता धोक्याचे. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत. रसायनाचे रिकामे पिंप उभे चिरले की झकास शेगडी होईल असे वाटते, पण त्याला हात लावू नये. कितीही धुतले तरी आत काय होते ते कळत नाही, आणि कापताना आत उरलेल्या वाफेचा स्फोट होऊ शकतो. जीआय पाइपही नको. त्यावरचा जस्ताचा मुलामा निखाऱ्यांवर तापून निघणारा धूर अंगात ताप आणतो. शेगडी साध्या विटांची रचावी. सळई मात्र स्टेनलेस स्टीलची, ३०४ ग्रेडची, नवी घ्यावी. मोटार, चेन, चक्रे भंगारातली चालतील. आगीला आणि अन्नाला लागणारे काही नाही.

‘हलाल’ हा शब्द सगळ्यांना ठाऊक असतो. कुराणात त्याच्या जोडीने ‘तय्यब’ येतो, म्हणजे शुद्ध, चांगले. तो फारसा कुणाला माहीत नसतो. इफ्तारचे ताट शेजारी जाते, तिथली मुलेही त्यातले खातात. त्यामुळे भंगारवाल्याला भाव विचारण्याआधी एवढेच विचारावे: हे आधी कशाचे होते?