अंगावर बेतलेली सायकल

सायकलच्या दुकानात बावीस इंची की चोवीस इंची, एवढ्या एका प्रश्नावर गिऱ्हाइकाच्या उंचीचा निकाल लावण्याची रीत आपल्याकडे अनेक पिढ्या चालत आली आणि कारखान्यातून हजारोंच्या संख्येने बाहेर पडणाऱ्या सायकलींच्या बाबतीत ती पुरेशीही होती. कारण जुळवून घ्यायचे ते स्वाराच्या शरीराने, हे त्यात गृहीतच होते. युरोपात आणि जपानात मात्र विसाव्या शतकभर याच्या नेमकी उलट अशी एक पद्धत कारखान्यांच्या बरोबरीने टिकून राहिली. स्वाराच्या मांड्या, धड, हात आणि खांदे मोजून एक कारागीर त्या एकाच माणसासाठी फ्रेम घडवतो, अशी ही पद्धत. अशा हातबनावटीच्या सायकलीविषयी तिच्या स्वाराला वाटणारा जिव्हाळा बहुधा हौसेच्या किंवा जुन्याच्या ओढीच्या खात्यात टाकला जातो. परंतु सायकल शर्यतींचा इतिहास बारकाईने पाहिला तर हे आकलन अपुरे ठरते. हा जिव्हाळा मापांतून निर्माण होतो, ती मापे वयाबरोबर, दुखापतींबरोबर आणि शर्यतीच्या प्रकाराबरोबर बदलत जातात, आणि त्या बदलांची नोंद स्वाराइतकीच, किंबहुना पुष्कळदा त्याच्याहून अधिक नेमकेपणाने, कारागिराजवळ असते.

फ्रेम म्हणजे वरवर पाहता पोलादी नळ्यांची जोडणी. त्या नळ्या मात्र साध्या नसतात. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये एकस्व घेतलेल्या पद्धतीनुसार नळीची भिंत दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ ठेवता येऊ लागली, म्हणजे जोडाच्या ठिकाणी, जिथे ताण जास्त आणि झाळकामाची धगही जास्त, तिथे धातू भरपूर राहतो आणि मधल्या भागातले वजन वाचते. मिलानच्या कोलंबस कंपनीच्या, शर्यतीच्या फ्रेमसाठी प्रसिद्ध असलेल्या नळ्यांच्या एका संचात ही जाडी टोकांना ०.९ आणि मध्ये ०.६ मिलिमीटर असे. दोन नळ्या जिथे मिळतात तिथे एकीचे टोक दुसरीच्या गोलाईवर अचूक बसेल असे कानशीने खोलगट घासून घ्यावे लागते. मग दोन्ही टोके ‘लग’ नावाच्या पोलादी बाहीत बसवून, ज्योतीने तापवून, फटीत पितळ किंवा चांदीयुक्त मिश्रधातू वितळवून सोडतात. या क्रियेला ब्रेझिंग म्हणतात. ज्योत कमी पडली तर मिश्रधातू आत शिरत नाही, जास्त झाली तर पातळ पोलाद भाजून निघते, आणि रंग चढल्यावर आतला जोड कसा साधला आहे हे कोणालाही दिसत नाही. स्वार ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने उतार उतरतो तेव्हा त्याचा जीव ज्या कामाच्या हवाली असतो, ते काम त्याने स्वतः कधीच पाहिलेले नसते.

मापांचे म्हणाल तर खरी गोम लांबीपेक्षा कोनांत असते. सीटखालची नळी जमिनीशी किती अंशांचा कोन करते यावर सीट पायडलच्या किती मागे येणार हे ठरते. हा कोन एका अंशाने बदलला तर बहात्तर सेंटिमीटर उंचीवरची सीट सुमारे सव्वा सेंटिमीटर पुढे किंवा मागे सरकते, आणि तासन्‌तास पायडल मारणाऱ्या गुडघ्याला तेवढा फरक भरपूर होतो. चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुपायी भाग, खाली किती बाक घेतो यावर सायकल सरळ रेषेत शांत धावणार की हँडलच्या जराशा इशाऱ्याने वळणार हे अवलंबून असते. लांब मांड्यांच्या आणि आखूड धडाच्या माणसाला तयार मापाच्या कोणत्याच सायकलीवर स्वस्थ बसता येत नाही, आणि अशा माणसाला आपल्या कारागिराविषयी काय वाटत असेल याची कल्पना करणे अवघड नाही.

या नात्याचे सर्वांत ठळक उदाहरण बेल्जियमचे एडी मर्क्स यांचे. ९ सप्टेंबर १९६९ रोजी फ्रान्समधील ब्लवा येथील धावपट्टीवर मोटारसायकलीच्या आडोशाने चाललेल्या शर्यतीत अपघात झाला, त्यात त्यांच्यापुढे गाडी चालवणारे फेर्नां वॉम्ब्स्ट मृत्युमुखी पडले आणि मर्क्स यांच्या कंबरेला व पाठीला मार बसून त्यांची बैठक कायमची बिघडली. त्या वर्षी त्यांनी पहिली टूर द फ्रान्स जिंकली होती आणि पुढे आणखी चार जिंकल्या. पण त्यानंतरची सारी वर्षे ते वेदनारहित बैठकीच्या शोधात राहिले. शर्यत चालू असताना पान्याने सीट मिलिमीटर-दोन मिलिमीटर वरखाली करणारे मर्क्स प्रेक्षकांनी अनेकदा पाहिले, आणि नव्या मापांच्या फ्रेमसाठी त्यांचा तगादा सतत चालू असे. मिलानजवळच्या काम्बियागो गावी १९५४ मध्ये धंदा सुरू केलेल्या एर्नेस्तो कोल्नागो यांनी त्यांच्यासाठी घडवलेल्या, पावणेसहा किलोंच्या आसपास वजनाच्या सायकलीवर मर्क्स यांनी २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला. वजन वाचवण्यासाठी त्या सायकलीच्या साखळीच्या कड्यांनासुद्धा भोके पाडलेली होती. पुढच्या वर्षापासून त्यांच्या फ्रेम घडवण्याचे काम उगो दे रोसा या कारागिराकडे आले. निवृत्तीनंतर १९८० मध्ये मर्क्स यांनी ब्रसेल्सजवळ मेइसे येथे स्वतःचा सायकल कारखाना काढला, तेव्हा कामगारांना फ्रेम घडवायला शिकवण्यासाठी त्यांनी दे रोसा यांनाच बोलावले, यातच या दोघांमधल्या विश्वासाचा पुरावा आहे.

त्या काळातल्या छायाचित्रांवरून मात्र हे नाते सहसा कळत नाही. संघाला पैसा पुरवणाऱ्या कंपनीचे नाव सायकलीवर असणे बंधनकारक, आणि स्वाराचा विश्वास मात्र भलत्याच कारागिरावर, असा पेच नेहमीच पडे. तेव्हा विश्वासातल्या कारागिराकडून फ्रेम घडवून घ्यायची आणि तिला कंपनीचा रंग आणि पट्टी चढवायची, हा त्यावरचा सर्रास वापरला जाणारा तोडगा होता. मिलानच्या विगोरेल्ली धावपट्टीच्या इमारतीतच कार्यशाळा असलेले फालिएरो मासी यांच्या हातच्या कितीतरी फ्रेम अशा परक्या नावांनी शर्यती जिंकून गेल्या, आणि १९९० च्या दशकात मिगेल इंदुराइन यांच्यासाठी दारिओ पेगोरेत्ती यांनी हेच केले. कारागिराचे नाव झाकले जाई याची खंत वाटते खरी. तरीही कंपनीचा करार धुडकावून नव्हे तर तो पाळूनही स्वार आपल्याच माणसाची फ्रेम मिळवत, एवढी त्यांची निकड होती.

याच मिलानमध्ये, आधी सान्ते पोलियागी आणि मग दे रोसा यांच्याकडे, योशिआकी नागासावा या जपानी तरुणाने १९७० च्या दशकात काम शिकले. मायदेशी परतून त्यांनी ओसाका प्रांतात कार्यशाळा उघडली आणि त्यांच्या फ्रेमवर कोइची नाकानो यांनी १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षे व्यावसायिक स्प्रिंट प्रकाराचे, म्हणजे अखेरच्या दोनेकशे मीटरांत निकाल लागणाऱ्या शर्यतीचे, जागतिक अजिंक्यपद राखले. दहा वर्षांत नाकानो यांचे शरीर एकच राहिले असेल हे संभवत नाही. हा पराक्रम म्हणूनच दोघांचा मानायला हवा.

नाकानो व्यवसायाने केइरिनचे खेळाडू होते आणि स्वार व हातबनावटीची सायकल यांचे नाते समजून घ्यायला केइरिनइतकी चांगली जागा दुसरी नाही. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जपानी नगरपालिकांना महसूल मिळावा म्हणून १९४८ मध्ये कायदा करून सायकल शर्यतींवर पैजा लावण्यास परवानगी देण्यात आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कोकुरा येथे पहिली शर्यत झाली. साधारण दोन हजार मीटरांच्या या शर्यतीत नऊपर्यंत स्वार असतात, बराच वेळ ते एका पुढाऱ्यामागे धावतात आणि तो बाजूला झाल्यावर ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने एकमेकांना खांदे लावत शेवट गाठतात. लोकांचा पैसा लागलेला असल्यामुळे सायकलमुळे कोणाला फायदा मिळू नये, हा नियमांचा गाभा आहे. म्हणून फ्रेम पोलादाचीच हवी, आणि चाकाच्या कडीपासून पायडलपर्यंत प्रत्येक भाग एनजेएस या अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या प्रमाणीकरणातून गेलेला हवा. सायकलीला ब्रेक नसतात आणि मागचे चक्र फिक्स असते, म्हणजे चाक फिरते आहे तोवर पायडलही फिरतच राहते आणि वेग पायांनीच आवरावा लागतो.

साहित्यावर इतकी बंधने आल्यावर स्वाराच्या हाती उरतात ती फक्त मापे, आणि त्यामुळे सारी बुद्धी, सारी चिकित्सा तिथे एकवटली. खेळाडू आपला कारागीर स्वतः निवडतो, फ्रेमचे पैसे स्वतः मोजतो, आणि मागणीच्या कागदावर नळ्यांच्या लांब्या, कोन आणि नळ्यांचा प्रकार लिहून देतो. एखाद्या मोसमात नशीब फिरले तर पहिला संशय याच आकड्यांवर जातो. सायकल सुटी करून पिशवीत भरून तो शर्यतीच्या गावी घेऊन जातो, शर्यतीच्या आदल्या दिवशी मोबाइल जमा करून आत शिरतो, आणि सायकल स्वतःच्या हातांनी जोडून तपासनिसांपुढे ठेवतो. मेकॅनिक दिमतीला नसल्यामुळे स्वार स्क्रूस्क्रूला ओळखतो. अन्य देशांतल्या व्यावसायिक खेळाडूंना, ज्यांच्या सायकली संघाच्या गाडीतून येतात आणि संघाच्याच गाडीतून जातात, हा अनुभव दुर्मीळ.

एखादी फ्रेम ‘मऊ’ आहे, दुसरी ‘ताठ’, तिसरी आता ‘थकली’ आहे, असे स्वार बोलतात तेव्हा त्यात तथ्य किती हा प्रश्न उरतोच. धातुशास्त्रानुसार स्वस्त आणि महाग पोलादाचा लवचीकपणा जवळजवळ एकच असतो. महाग पोलाद अधिक बळकट असल्यामुळे नळी पातळ करता येते, एवढाच लाभ. ताठपणा ठरतो तो नळीच्या व्यासाने आणि भिंतीच्या जाडीने, आणि पातळ नळीत तो व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे व्यासातला किरकोळ फरकही पायांना जाणवतो. म्हणजे मऊ-ताठ ही भाषा खरी आहे. जोडात तडा गेलेला नसेल तर वापराने पोलाद मऊ होत नाही, म्हणून ‘थकली’ हे मात्र फ्रेमपेक्षा स्वाराच्या बदललेल्या देहाचे वर्णन असण्याचा संभव अधिक, आणि नवी मापे घेण्यासाठी ते कारण पुरेसे आहे.

स्वार आणि कारागीर एकच व्यक्ती असली की हे नाते किती टोकाला जाते ते स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्री यांनी दाखवले. छातीखाली हात दुमडून बसण्याची आपली वेगळी बैठक साधावी म्हणून त्यांनी स्वतः बनवलेल्या सायकलीला दांडी नव्हती, दोन्ही पायडल एकमेकांच्या अगदी जवळ आणलेली होती आणि तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्रातले बेअरिंग वापरलेले होते. जुलै १९९३ मध्ये नॉर्वेतील हामार येथे त्यांनी फ्रान्चेस्को मोझेर यांचा ५१.१५१ किलोमीटरचा तासाचा विक्रम मोडण्याचा प्रयत्न आधी केला तो तिच्यावर नव्हे, तर माइक बरोज या नामवंत अभिकल्पकाने तिच्यावरून बनवलेल्या सफाईदार प्रतिकृतीवर, आणि तो फसला. दुसऱ्याच दिवशी, १७ जुलैला, पाय आखडलेले असताना ते आपल्या जुन्या सायकलीवर बसले आणि त्यांनी ५१.५९६ किलोमीटर अंतर कापले. सहाच दिवसांनी ख्रिस बोर्डमन यांनी हा विक्रम मोडला, परंतु एका रात्रीत जे घडले त्याचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने १९९४ मध्ये ही बैठक बेकायदा ठरवली आणि २००० मध्ये तर तासाच्या विक्रमासाठी मर्क्स यांच्या १९७२ च्या सायकलीचाच नमुना प्रमाण धरला. चौदा वर्षांनी हा निर्बंधही शिथिल झाला.

दरम्यान कार्बन तंतूंच्या साच्यातल्या फ्रेमने रस्त्यावरच्या शर्यती पूर्णपणे व्यापल्या. साचा महाग असल्यामुळे मापे पुन्हा पाच-सहा ठरावीक आकारांत अडकली, आणि उरलेला फरक सीटचा खांब व हँडलचा जोड बदलून भागवला जाऊ लागला. जपानमध्ये २०१२ साली महिलांची केइरिन नव्याने सुरू झाली ती कार्बनच्याच सायकलींवर. पुरुषांच्या पारंपरिक केइरिनमध्ये पोलाद अजून कायम आहे, त्यामुळे ऑलिंपिकची तयारी करणारे खेळाडू एका शर्यतीला कार्बनवर आणि दुसरीला कारागिराच्या हातच्या पोलादावर बसतात, आणि दोन्हींवर आपली बैठक सारखी राहावी यासाठी झटतात.

केइरिनच्या वापरून झालेल्या फ्रेम एका खेळाडूच्या मापाच्या असल्याने त्याच्या निवृत्तीनंतर स्वस्तात विकल्या जातात, आणि २००० नंतरच्या दशकात लंडन, न्यूयॉर्कसारख्या शहरांतल्या तरुणांनी त्या उत्साहाने विकत घेतल्या. रस्त्यावर ब्रेक लागतात, म्हणून त्यांच्या चिमट्याला भोक पाडून घ्यावे लागले. तेवढ्याने भागले नाही, कारण आपल्या धडाची लांबी आधीच्या मालकाशी जुळत नाही हे पहिल्या महिन्याभरातच पाठीने सांगितले, आणि त्यांपैकी काहींनी मग आपल्या शहरातला कारागीर शोधून स्वतःची मापे घ्यायला लावली.