पेरीसाहेबांची खुर्ची

सुरतेजवळच्या कडोदरा चौकडीवर दोन हमरस्ते एकमेकांना छेदतात. एक मुंबई-अहमदाबाद महामार्ग. दुसरा बारडोली, सोनगड, नवापूर करत धुळ्याकडे, म्हणजे खानदेशात जाणारा. पोटापाण्यासाठी खानदेशातून सुरतेला येणाऱ्या मराठी माणसाची ही रोजची वाट. कोर्टाची वाट मात्र सव्वाशे वर्षांहून जास्त काळ दक्षिणेला, मुंबईला जात होती. कंपनी सरकारची सदर अदालत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही वर्षं खुद्द सुरतेत भरत असे. ती मुंबईला हलली, आणि १९६० मध्ये गुजरात वेगळं होईपर्यंत इथल्या दाव्यांचं अपील मुंबईलाच चालत राहिलं. ज्याला वकील व्हायचं, त्यानेही बरीच वर्षं तिकडेच बिऱ्हाड हलवायचं.

तिथे कायदा शिकवणारी संस्था म्हणजे आजचं शासकीय विधी महाविद्यालय. वकिलांच्या तोंडी ‘जीएलसी’. स्थापना १८५५ची, म्हणजे मुंबई विद्यापीठाहून दोन वर्षं आधीची आणि हायकोर्टाहून सात वर्षं आधीची. आशियातलं सर्वांत जुनं लॉ कॉलेज असा तिचा लौकिक आहे. नावात ‘शासकीय’ असलं तरी सुरुवातीच्या पैशात शहराच्या वर्गणीचा वाटा मोठा होता, हे मला विशेष वाटतं.

सर अर्स्किन पेरी हे मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश आणि शिक्षण मंडळाचे अध्यक्ष. ते १८५२ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांचं स्मारक म्हणून पुतळ्याऐवजी कायद्याचं अध्यासन उभं राहिलं. एल्फिन्स्टन संस्थेतल्या त्या ‘पेरी प्रोफेसर’च्या खुर्चीभोवतीच पुढे कॉलेज वाढलं. या कामात पुढे होते जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट, आणि इथेच खरी गंमत आहे. कारण १८४०च्या दशकात शिक्षण मंडळात हेच नाना आणि पेरी एकमेकांसमोर उभे ठाकले होते. वरचं शिक्षण इंग्रजीतूनच हवं, असा पेरींचा आग्रह. ते मराठी-गुजरातीतून द्या, म्हणजे चार लोकांपर्यंत पोचेल, असं नाना आणि कर्नल जर्विस यांचं म्हणणं. वादात प्रतिपक्षी असलेल्या माणसाच्या नावाने नानांनी संस्था उभी केली. मनाचा मोठेपणा खराच, पण शिकवण्याच्या भाषेत जीत पेरींचीच झाली. तालुक्याच्या कोर्टात पक्षकार आपलं रडगाणं मराठी-गुजरातीत गायचा आणि वकील शिकून यायचा तो इंग्रजी पुस्तकांतून. दोघांमधला हा दुभाषेपणाही वकिलीच्या फीमध्येच धरलेला असणार, असं म्हणायला हरकत नाही.

कोर्ट उठलं की वर्ग भरायचे, हा या कॉलेजचा जुना शिरस्ता. दिवसभर बाजू मांडून आलेले वकील शिकवायला, दिवसभर कचेरीत खर्डेघाशी केलेले तरुण समोर बाकांवर. लंडनला जाऊन बॅरिस्टर होण्याची ऐपत नसलेल्याला यामुळे नोकरी सांभाळून सनद मिळवता येई. कॉलेज थकलेल्या वेळेचं होतं, पण त्या वेळेनेच किती घरांत पहिला वकील दिला!

१९३५च्या २७ मे रोजी रमाबाई आंबेडकर गेल्या. लगेच १ जूनला डॉ. बाबासाहेब आंबेडकर या कॉलेजचे प्राचार्य झाले. १९२८ मध्ये त्यांनी इथे काही काळ शिकवलंही होतं. ऑक्टोबरात येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि कॉलेजचा कारभारही चालूच होता. त्याच धामधुमीत, जानेवारी १९३६च्या कॉलेज मासिकात, मुंबई इलाख्यातल्या कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर त्यांनी लेख लिहिला. नुसती कलमं पाठ करून वकील होत नाही, त्याला मूलतत्त्वांची पकड आणि इतर विषयांचं भरपूर ज्ञान लागतं, असा त्यातला रोख. ज्याच्या डोक्यावर एवढं ओझं, तो माणूस अभ्यासक्रमाचा एवढा बारीक विचार करत बसला, याचं मला सगळ्यात जास्त नवल वाटतं. १९३८ मध्ये त्यांनी प्राचार्यपद सोडलं.

इथे शिकलेल्यांची पुढची नावं वाचकांच्या ओळखीची आहेत: नानी पालखीवाला, फली नरिमन, सोली सोराबजी. सोराबजींना मिळालेलं किनलॉक फोर्ब्स सुवर्णपदक ज्याच्या नावाचं, तो फोर्ब्स म्हणजे ‘रासमाळा’ या ग्रंथाचा कर्ता. या साहेबाने सुरतेतही नोकरी केली होती.

सुरतेला स्वतःचं सार्वजनिक लॉ कॉलेज मिळालं तेही १९३५ मध्येच. त्यानंतर कडोदऱ्याच्या पोराला मुंबई गाठण्याची सक्ती उरली नाही. चर्चगेटजवळच्या ए रोडवर जीएलसीचे वर्ग आता सकाळी भरतात. ते संपले की मुलं फायली काखेत मारून हायकोर्टाच्या बाजूला चालू लागतात, एखाद्या वकिलाच्या चेंबरमध्ये दिवसभर उमेदवारी करायला. पगार बहुधा नावापुरताच.