आपल्या रेखांशावरचा पहारेकरी

नंदुरबारच्या मोकळ्या मैदानात दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा आणि नजर क्षितिजापासून 65 अंश वर न्या. डोळ्यांना काही दिसणार नाही. पण त्याच दिशेला, विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर, 2016 साली सोडलेल्या इन्सॅट-3डीआर या हवामान उपग्रहाला 74 अंश पूर्व ही जागा मिळाली. नंदुरबार शहराचा रेखांश आहे 74.24! ताशी 11,000 किलोमीटरने धावूनही तो जागेवर थांबल्यासारखा भासतो, कारण त्याची एक फेरी आणि पृथ्वीची एक गिरकी बरोबरीने पूर्ण होतात.

26 सप्टेंबर 2021 रोजी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला धडकले. नंदुरबारपासून ते ठिकाण सुमारे 1,100 किलोमीटर लांब. इन्सॅट-3डी हा दुसरा उपग्रह आणि 3डीआर मिळून दर पाव तासाला ढगांचे चित्र पाठवत होते. हवामानप्रेमी अशा चित्रांत ढगांची वेटोळी शोधतात. अवरक्त चित्रात सर्वांत उंच ढगमाथे उणे 80 अंशांपर्यंत थंड दिसतात. वाऱ्याने ताशी 62 किलोमीटरचा टप्पा गाठला की वादळाला नाव मिळते.

जमिनीवर येताच ‘गुलाब’चा जोर ओसरला, नावही गेले, उरले ते कमी दाबाचे क्षेत्र. पण त्याची फिरकी आणि बाष्प संपले नव्हते. मराठवाड्याला झोडपून ते पश्चिम विदर्भातून दक्षिण गुजरातकडे सरकले. या दोहोंच्या मधोमध आपला खानदेश. पुढे अरबी समुद्राच्या उबदार पाण्यावर त्याने पुन्हा बाळसे धरले, ‘शाहीन’ हे नवे नाव मिळवले आणि 3 ऑक्टोबरला थेट ओमान गाठले. आठवडाभरात, नुसते सरळ रेषेत मोजले तरी, सुमारे 2,850 किलोमीटर!

एवढी ताकद येते कुठून? वाफेचे पाणी होताना जी उष्णता बाहेर पडते, तिच्यातून. नंदुरबार जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे 6,000 चौरस किलोमीटर. त्यावर सर्वत्र फक्त 1 मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी भरते 600 कोटी लिटर. ते ढगात तयार होताना मोकळी झालेली उष्णता विजेच्या हिशेबात सुमारे 400 कोटी युनिट. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 16.48 लाख होती. म्हणजे माणशी सुमारे 2,400 युनिट. अंगणातली माती जेमतेम ओली करणाऱ्या सरीचा हा हिशेब. 100 मिलिमीटर पावसाला तो शंभरपट करा.

पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर, चक्रीवादळांचा दुसरा हंगाम असतो आणि नेमक्या त्याच काळात नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची सुकायला पडते. उपग्रहाची चित्रे हवामान खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतात. म्हणून मिरची पसरण्याआधी एकदा ते चित्र पाहा, खात्याचा इशारा वाचा. वादळ बंगालच्या उपसागरात असले, तरी ते आपल्यापासून दोन-तीन दिवसांच्याच वाटेवर असू शकते.