बकऱ्याचा खुराक, मुतखडा आणि नवसागर

बकरी ईदच्या तीन-चार महिने आधी खस्सी बकरे आणून पोसण्याचा जोडधंदा आपले अनेक बांधव करतात. वजन लवकर भरावे म्हणून गव्हाचा कोंडा आणि मक्याचा भरडा सढळ हाताने घातला जातो. बकरा भरतो, अंगावर चमक येते आणि ऐन बाजाराच्या आठवड्यात एका सकाळी तो पाठ वाकवून कुंथू लागतो. पोट साफ होत नाही असे समजून मालक तेल पाजतो. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने हेच केले. त्याचा सर्वांत किमतीचा बकरा तिसऱ्या दिवशी गेला. मूत्राशय फुटले होते. तो मुतखडा होता.

याचे मूळ रक्तात आहे. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. खरे तर खुराकात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट हवे. बकरा कडबा किंवा पाला रवंथ करतो तेव्हा भरपूर लाळ सुटते आणि रक्तातला जादा फॉस्फरस लाळेवाटे पोटात येऊन लेंड्यांतून निघून जातो. भरड्याला फारसे चावावे लागत नाही. लाळ कमी होते, रक्तात फॉस्फरस चढतो आणि तो लघवीत उतरून त्याचे खडे बनतात. लहानपणीच खस्सी केलेल्या बकऱ्याची मूत्रनळी अरुंद राहते, म्हणून तोच अधिक सापडतो. लघवी अडली की रक्तातील युरिया वाढत जातो. निरोगी बकऱ्यात रक्तातील युरिया-नायट्रोजन १०० मिलिलिटरला साधारण १० ते २० मिलिग्रॅम असते.

यावर खुराकात घालण्याची वस्तू आपल्या कल्हईवाल्या बांधवांच्या रोजच्या ओळखीची आहे: नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. भांडे तापवून त्यावर तो घासताना उठणारा धूर कोण विसरेल? पोटात गेल्यावर तो रक्ताची आम्लता किंचित वाढवतो. मूत्रपिंडे ते जादा आम्ल बाहेर टाकतात, लघवी आंबट होते आणि त्यात फॉस्फेटचे खडे धरत नाहीत. प्रमाण मात्र एकूण कोरड्या खुराकाच्या अर्धा ते एक टक्का, तेही डॉक्टरांना विचारून. कल्हईच्या पेटीतला माल जनावराला घालू नये, खाद्यासाठीचा शुद्ध मालच घ्यावा. जास्त झाला तर रक्त आंबट होऊन बकरा खाणेच सोडतो.

गंमत अशी की काही जण धान्याने पोट आंबू नये म्हणून त्याच खुराकात खाण्याचा सोडा रोज घालतात. सोड्याने लघवी उलट अल्कधर्मी होते. एका हाताने नवसागर आणि दुसऱ्या हाताने सोडा, म्हणजे दोन्हींचे पैसे वाया. पोट आंबण्यावर खरा इलाज भरडा हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत वाढवण्याचा आहे. एकदम पोटभर धान्य खाल्लेल्या बकऱ्याच्या पोटात आम्ल तयार होऊन रक्तात शिरते आणि तो दोन दिवसांतही दगावू शकतो.

आमच्या मते कोंडा कमी करून कडबा आणि झाडपाला वाढवावा, खुराकात चुनखडीची भुकटी व मीठ असावे आणि स्वच्छ पाणी दिवसभर समोर असावे. हे नवसागरापेक्षा स्वस्तही पडते. देवनारला राजस्थान-गुजरातेतून ट्रकने येणारे बकरे वाटेत फारसे पाणी पीत नाहीत. असा बकरा घेताना दात पाहतो तसे थोडा वेळ थांबून त्याची लघवीची धारही पाहावी. थेंबथेंब गळत असेल किंवा तिथल्या केसांना वाळूसारखे कण चिकटले असतील, तर सौदा सोडावा. घरच्या बकऱ्यात हे दिसले तर तेल न पाजता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.